खुर्दच्या शाळेचे संमतीपत्र

जे आता लिहितो आहे ते माझ्या पत्नीला ठाऊक नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुद्रांक विक्रेत्याला ठाऊक नाही. आणि ज्यांना सर्वांत आधी ठाऊक व्हायला हवे होते, त्या गावाला तर नाहीच. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असावे. दुसरे मला सापडलेले नाही.

आधी माझी ओळख देणे क्रमप्राप्त आहे. मी अर्जनवीस आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या, सातपुड्याच्या अंगाच्या एका तालुक्याच्या गावी — नाव लिहीत नाही — कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली गेली सव्वीस वर्षे टेबल लावून बसतो. शिक्षण नववी नापास. हे मी सहसा सांगत नाही. कुणी विचारलेच तर ‘मॅट्रिकपर्यंत’ असे म्हणतो, आणि ते अगदीच खोटे नाही असे स्वतःला समजावतो. वारसनोंद, रेशनकार्ड, निराधारांचा पगार, बांधाचा वाद — या सर्व विषयांत माझ्या लेखणीला वजन आहे. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की’ इथून मी वाचायला लागलो की समोरचा शेतमजूर ताठ बसतो. आपले गाऱ्हाणे इतके भारदस्त आहे, हे त्याला तेव्हाच कळते. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. मी ते कधी नाकारले नाही.

माझ्या कामाची एक पद्धत आहे. ती सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. सामूहिक अर्ज असला की सगळे गाव काही तालुक्याला येऊ शकत नाही, रोज बुडतो. म्हणून मी आधी सह्यांचा कागद मागवतो — अनुक्रमांक, नाव, सही किंवा अंगठा. वर चार बोटे जागा कोरी. मजकूर मी सावकाश तयार करतो, त्याच्या मागे तो कागद टाचतो आणि कोऱ्या जागेत मजकुराला जुळेल असा मथळा घालतो. आमच्याकडे सगळे असेच करतात. कुणी शंका घेत नाही. पन्नास माणसे कोऱ्या जागेखाली सही करतात ती माझ्या भरवशावर — आणि हा भरवसा, खरे सांगतो, मला फार सुखवीत असे.

तर गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. एकाच नावाची दोन गावे आहेत, एक खुर्द आणि एक बुद्रुक. मध्ये नाला. नाल्यावर बुटका रपटा, म्हणजे बिनकठड्याची फरशी. पाणी आले की तो दिसेनासा होतो, आणि मग पुलावरून वळसा घालून चार किलोमीटर चालावे लागते. खुर्द म्हणजे चाळीसेक घरे, निम्मी लहान शेतकऱ्यांची, निम्मी बौद्ध मजुरांची. तिथे चौथीपर्यंतची शाळा होती. एक खोली, एक ओसरी, चौदा मुले आणि एकच शिक्षिका — वानखडे मॅडम. त्या मूळच्या दुसरबीडच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या. घरची माणसे तिकडे ठेवून त्या खुर्दमध्येच खोली करून राहत असत.

कमी पटाच्या शाळांची यादी आली आणि तिच्यात खुर्दचे नाव निघाले. शाळा बुद्रुकच्या शाळेत विलीन करायची. गावाने ठरवले, विरोधाचा अर्ज द्यायचा. अर्ज द्यायचा म्हणजे माझ्याकडे यायचे.

शाळा समितीचा अध्यक्ष गजानन तायडे, गावातल्या दोन-तीन बाया आणि मॅडम, असे सगळे आले. मी पद्धत सांगितली. मॅडमनी विचारले, “भाऊ, वर ‘शाळा बंद करू नका’ एवढं तरी लिहून सह्या घेऊ का?” मी म्हणालो, “नको. मथळा मजकुराला जुळावा लागतो. ते एक शास्त्र आहे.” दोन दिवस घरोघर फिरून, वर चार बोटे जागा कोरी ठेवून, मॅडमनी सह्या गोळा केल्या. मी सांगितले होते तसेच, अगदी बोटे लावून.

मी दोन दिवस मसुद्यावर बसलो. एक वाक्य असे साधले होते की ते मी पत्नीलाही वाचून दाखवले — ‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण उत्कर्षाप्रीत्यर्थ व ग्रामीण बहुजनांच्या शैक्षणिक उन्नतीच्या व्यापक दृष्टिकोनातून.’ कडुनिंबाखाली मी तो सगळा मसुदा मोठ्याने वाचला. शेजारची टेबलेही ऐकत होती. वाचून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, “भाऊ, लई चांगलं लिहिलंय. पण ह्यात आमची लेकरं कुठं आहेत? नाला पण नाही.”

गजानन हसला. “भाऊची भाषा म्हंजे साहेबालेच समजते, मॅडम! लेकरं तिच्यातच बुडून जातीन, नाला कायले पायजे मंग!”

सगळे हसले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मुद्रांक विक्रेताही हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून वहीचे पान काढून माझ्यापुढे ठेवले. चार ओळी होत्या. आमच्या गावात चौदा मुलं आहेत. नाल्याला पाणी आलं की रपटा बुडतो. लहान मुलं एकटी जाऊ शकत नाहीत. शाळा इथंच राहू द्या. “हेच टाकलं तर चालंल का?” त्यांनी अगदी आदराने विचारले. मी म्हणालो, “टाकतो. उद्या दाखल करतो. पोच घेऊन ठेवतो.”

ते हसणे मला लागले. एवढेच. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून? — मीही तेच म्हणतो. म्हणूनच तर सांगायला तीन वर्षे लागली. कारण मोठे असते तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी अर्ज पिशवीत घेऊन मी निघालो. खोटे नाही सांगत, दाखल करायलाच निघालो होतो. शिक्षणाच्या कार्यालयात पाऊल टाकले आणि तिथल्या साहेबांनी मला आत बोलावले. तोवरच्या तेवीस वर्षांत त्या कचेरीच्या खिडकीबाहेर मी शेकडो वेळा उभा राहिलो असेन. आत खुर्ची दिली गेली ती त्या दिवशी. चहा आला. साहेब थकलेले दिसत होते. त्यांच्यापुढे एक तक्ता होता. शाळेचे नाव, पट, जवळच्या शाळेचे अंतर, नैसर्गिक अडथळा, ग्रामस्थांची संमती. प्रत्येक रकान्यात काहीतरी भरलेले हवे, आणि तक्ता संध्याकाळी पाचपर्यंत जिल्ह्याला जायला हवा.

खुर्दपुढे अंतर लिहिले होते एक किलोमीटरच्या आत. कुणीतरी नकाशावर सरळ रेघ ओढली असावी. नैसर्गिक अडथळा — निरंक. नाला कुठे गेला? मी विचारले नाही. कुणीच विचारले नसावे. ज्याने अंतर भरले त्याने फक्त अंतर भरले. ज्याने अडथळा भरला त्याच्यापुढे बहुधा मागच्या वर्षीचा तक्ता होता. शाळा बंद करायची असे त्या कचेरीत कुणीही ठरवलेले नव्हते. यादी वरून आली होती आणि खाली माणसे रकाने भरत होती. असे निर्णय कुठेतरी मोठ्या दालनात, मोठ्या चर्चेने होत असतील अशी माझी आजवर समजूत होती. तुमचीही असेल.

“मीही मास्तरच होतो हो,” साहेब म्हणाले. “मले का आनंद हाये? पण संमतीचा रकाना कोरा गेला तर उद्या मलेच नोटीस. तुम्ही एक मसुदा करून द्या. सगळ्या गावांना चालेल असा. तालुक्यात तुमच्यासारखी भाषा कोणाची हाये, वकीलसाहेब?”

वकीलसाहेब. खुर्चीत बसलेल्या साहेबाने, खुर्चीत बसलेल्या मला. काय सांगू? आदल्या दिवशीचे हसणे पुसल्यासारखे झाले.

मी तिथेच बसून संमतीपत्राचा मसुदा लिहिला. आणि तुम्हाला हे ऐकायचे आहे की नाही ठाऊक नाही — माझे ते वाक्य मी त्यात घातले. ‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण उत्कर्षाप्रीत्यर्थ.’ विरोधाच्या अर्जासाठी दोन दिवस खपून केलेले वाक्य. ते संमतीतही बसले. एक अक्षर बदलावे लागले नाही. ते बसले तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. मला समाधान वाटले.

ऑपरेटरने तो मजकूर टाइप केला. मग साहेबांनी सहज विचारले, “खुर्दच्या सह्या तुमच्याकडेच हायेत म्हणे?”

आता इथे मी थांबतो थोडा. — कुणी माझा हात धरला नाही. कुणी धमकावले नाही. ‘नाहीत’ म्हटले असते तर साहेबांनी खुर्दचा रकाना तसाच सोडला असता. दुसऱ्या दोन गावांचे सोडलेच होते, मी डोळ्यांनी पाहिले. मी पिशवीत हात घातला. विरोधाच्या अर्जाची टाचणी काढली. सह्यांचा कागद साहेबांपुढे ठेवला. आणि वरच्या कोऱ्या जागेत मथळा टाइप करून घेतला — मजकुराला जुळेल असा. मॅडमच्या चार ओळी पिशवीतच राहिल्या; गावाला मी अर्ज दाखल झाला एवढेच सांगितले.

तुम्हाला वाटेल, हाच माझा दोष. मीही पुष्कळ दिवस स्वतःला तसेच सांगत आलो. हा दोष मोठा आहे, पण त्याला निदान सोबत आहे — यादीची, तक्त्याची, साहेबांची. मी सह्या दिल्या नसत्या तरी शाळा कदाचित गेलीच असती. त्यापुढचे जे आहे त्याला कुणाची सोबत नाही. ते मी एकट्याने केले.

जूनमध्ये खुर्दच्या शाळेला कुलूप लागले. मॅडमना बुद्रुकच्या शाळेत जोडले. पण त्या खुर्दमध्येच राहिल्या. सकाळी बंद शाळेच्या ओसरीवर मुले जमवायच्या, रपट्यावरून एकेकाला हाताला धरून पलीकडे न्यायच्या. पाणी असले की पुलावरून वळसा, लहानांपैकी एखादे कडेवर. चौदाच्या चौदा मुले बुद्रुकला जात होती. हे गजाननच मला सांगत असे. त्याची पायल दुसरीत होती. “पायल तं मॅडमचं बोटच सोडत नाई,” तो म्हणायचा.

गावाने पुन्हा अर्ज दिला — माझ्याकडूनच — आणि दिवाळीच्या आधी त्याचे उत्तर आले. लखोटा न फोडता गजानन आणि पाच-सहा जण तो माझ्याकडे घेऊन आले. गजाननची म्हातारी आई पारबताबाईही होती. सरकारी मजकूर ते माझ्याकडूनच वाचून घेतात. मी वाचला. त्यात एक ओळ होती — ग्रामस्थांच्या सह्यांचे संमतीपत्र कार्यालयास प्राप्त असल्याने मागणी मान्य करता येत नाही. ती ओळ मला गाळता आली असती. पण वाचण्याची लय अशी असते की मी ती वाचून गेलो.

“आमी कवा देल्ली संमती?” पारबताबाई ओरडली. “काऊन बे गजानन, तू देऊन आला काय?”

“मी काऊन देईन, माय? मायी पोरगी हाये त्या शाळेत!”

“मंग सह्या काय उडत गेल्या तिथंलोक?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. संशयाने नव्हे, हे लक्षात घ्या. जाणता माणूस काय सांगतो म्हणून पाहत होते. तेव्हा सांगता आले असते. तीन-चार वाक्ये लागली असती. मी काय केले? मी दोन प्रश्न विचारले.

“सह्या गोळा कोणी केल्या होत्या?”

कुणीतरी म्हणाले, “मॅडमनं.”

“आणि मॅडमचं गाव कोणतं?”

बस. एवढेच. तुम्हाला त्या दुसऱ्या प्रश्नातले विष दिसणार नाही, म्हणून उकलून सांगतो. शाळा बंद झाली की तिथला शिक्षक अतिरिक्त ठरतो. अतिरिक्त ठरला की बदली मिळते. नशीब असले तर आपल्या गावाजवळ. हे आमच्याकडे शेतमजुरालाही ठाऊक आहे. मी काही खोटे बोललो नाही — किती दिवस मी या एका वाक्याला धरून बसलो होतो! मी फक्त विचारले. जोडणी त्यांनी केली. कागद कोरा ठेवायला मीच सांगितले होते, हे गजाननने ऐकले होते; पण सह्यांचा दुसरा एखादा कागद मॅडमनी परस्पर दिला असेल, असेच सगळ्यांनी धरले. “कोरा कागद घेऊन फिरे ना थे बाई,” एकजण म्हणाला. “वर काईच लिहेल नव्हतं. मी इचारलं बी होतं.” पारबताबाईने तोंडावर हात ठेवला. गजानन म्हणाला, “आन आमी तिले सणाची पुरणपोळी नेऊन देत होतो.”

दुसऱ्या दिवशी ओसरीवर एकही मूल आले नाही. मॅडम वाट पाहून घरोघर गेल्या. दारे लागलेली. एका घरातून कुणी बोलले ते इथे लिहिण्याजोगे नाही. त्यांच्या हाती लेकरे द्यायची नाहीत असे गावाने ठरवले. मोठी मुले आपापली जाऊ लागली, कधी जात, कधी नाल्यापर्यंत जाऊन परत येत. मुली घरीच राहिल्या. चौदापैकी किती राहिल्या ते मी विचारले नाही. पायल राहिली, हे कळले. ती आता आईबरोबर कापूस वेचायला जाते.

मॅडमनी त्या वर्षाअखेर बदली घेतली. दुसरबीडच्या बाजूलाच मिळाली. आणि झाले — गावाला जे वाटत होते ते सिद्धच झाले.

जाण्याआधी त्या माझ्या टेबलाशी आल्या. कार्यमुक्तीचा कागद घ्यायला त्या कार्यालयात गेल्या होत्या; तिथल्या बाबूने संमतीपत्र दाखवले होते. समोर गिऱ्हाईक होते, ते जाईपर्यंत त्या थांबल्या. मग बसल्या नाहीत, उभ्यानेच म्हणाल्या, “ते वाक्य मी ओळखलं, भाऊ. उत्कर्षाप्रीत्यर्थ.”

मी टाचण्यांची डबी सरळ केली.

“मी गावात सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “सांगून काय होणार? म्हणतील, बाई आपलं झाकती. तुम्ही सांगितलं तरच ते खरं होईल.” पुढे म्हणाल्या, “मुलींना तेवढं शाळेत पाठवा म्हणावं. माझ्यावरचा राग त्यांच्यावर नको.” आणि स्टँडकडे निघाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरे झाले असते. मीही चढवला असता.

मी गावात सांगितले नाही. मुलींचा निरोपही दिला नाही. तो दिला असता तर ‘मॅडम तुमच्याशी का बोलल्या?’ असे कुणी मला विचारले असते.

आता गेल्या महिन्याचे. कार्यालयात साहेब बदलले. नवे साहेब म्हणाले म्हणे — संमती खोटी आहे हे सिद्ध करा, मग शाळा पुन्हा उघडण्याचे पाहू. गजानन धावत माझ्याकडे आला. तीन वर्षांत मी त्याला इतका आनंदी पाहिला नव्हता. “भाऊ, मॅडमवर असा अर्ज ठोका का चौकशीच लागली पायजे. पायलचं तं गेलं. धाकटी औंदा पयलीत हाये, थे तरी शिकन. तुमच्यावाचून आमचं कोन हाये?”

संमती खोटी आहे. हे त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. ते सिद्ध करणारा माणूस त्याच्यापुढे पेन घेऊन बसला होता. मी सांगितले असते तर शाळेचा मार्गही मोकळा होत होता आणि त्या बाईचे नावही. दोन्ही एकाच वाक्यात. असे सोपे कुणाला मिळते?

मी विचारले, “मॅडमचं पूर्ण नाव काय?”

आणि अर्ज लिहिला. या वेळी मोठी वाक्ये वापरली नाहीत. आखूड वाक्ये, नाला, रपटा, मुले, कोरा कागद घेऊन फिरणारी शिक्षिका. असे लिहायला मी कुणाकडून शिकलो ते मला लिहिताना ठाऊक होते. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत उत्तम अर्ज आहे. गजाननने डोळे पुसले. मी तो स्वतः नेऊन दाखल केला आणि पोच आणून त्याच्या हातात दिली.

चौकशी लागली. या मंगळवारी मॅडमना खुलाशासाठी बोलावले होते. दुपारच्या एसटीने त्या उतरल्या, हातात कागदांची पिशवी. कार्यालय माझ्या टेबलासमोर आहे, मध्ये फक्त रस्ता. त्या आत गेल्या. दोन तासांनी बाहेर आल्या, पायरीवर थोडा वेळ उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिले की नाही, मला सांगता येत नाही. मी एका वारसनोंदीवर मान घातली होती. आत त्यांनी माझे नाव घेतले नसावे. घेतले असते तर एव्हाना मला बोलावणे आले असते.

चौकशी चालू आहे. ज्याला काही सांगायचे असेल त्याला जबाब द्यायला अजून आठ दिवस आहेत, असे बाबू म्हणतो. मला कुणी बोलावलेले नाही. मी गेलेलो नाही.